वाळवंटातले सामन आणि सावंतांची ऊब

या, जरा जवळ सरका. आणि ते मोबाइल ठेवा बाजूला, मी बोलतेय ना! परत आल्यापासून बघतेय, जी भेटते ती एकच विचारते. "माई, तो उंच टॉवर बघितलात का? सोनं काय आणलंत?" अगं, मी ज्या पोरीकडे राहायला गेले होते ती कशी आहे, हे एकीला तरी विचारावंसं वाटलं? नाही ना? मग आता ऐका मुकाट्यानं. टॉवर मी गाडीतून बघितला, मान दुखेपर्यंत. वर चढले नाही. सोन्याच्या बाजारातून रिकाम्या हातांनी आले. माझा सगळा मुक्काम माशांनी खाल्ला. मी खाल्लेल्या माशांनी नव्हे, बरं का. जिवंत, बोटाएवढ्या, आणि आजारी आहेत की धडधाकट हे कुणालाच सांगता येत नव्हतं अशा माशांनी.

अजमान

केतकी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. देवगडला आमच्याकडे सुट्टीला यायची तेव्हा मी मासे साफ करायला बसले की ही समोर उकिडवी. शेवटी माशांचीच डॉक्टर झाली. नवरा निखिल दुबईत, देरा भागातल्या एका ट्रेडिंग ऑफिसात, मुलगी इरा चौथीत. राहतात अजमानला, कारण दुबईतलं भाडं झेपत नाही. सकाळी दोघं दोन दिशांना गाड्या काढतात आणि संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकल्याचे एकमेकांना फोन करतात. तिकडे यालाच संसार म्हणतात.

मला घ्यायला विमानतळावर निखिल एकटाच आला. "मावशी, केतकीला फार्मवर इमर्जन्सी आली."

"कसली?"

"मासे."

मी बॅग त्याच्या हातात दिली. प्रवासानं जीव मेटाकुटीला आलेला, आणि बाहेर म्हणाल तर कुणी भट्टीचं दार उघडून ठेवलंय असा वारा.

केतकी आली ती जेवायच्या वेळेला. डोळ्यांखाली काळं, गळ्याची हाडं वर आलेली. मी टेबलावर आमसुलं, कुळथाचं पीठ, डिंकाचे लाडू असं सगळं मांडून बसले होते. तिनं मला मिठी मारली, एक लाडू उचलला, आणि तो तसाच हातात धरून फोनवर साहेबाशी सुरू झाली. "नो, रामी. आय अ‍ॅम नॉट क्लिअरिंग देम. नो. थर्सडे इज नॉट पॉसिबल." लाडवाचा चुरा गालिच्यावर. इरा म्हणाली, "आजी, यू आर सिटिंग ऑन माय चार्जर." झालं माझं स्वागत!

मग तिनं मला समजावलं, आणि तुम्हीही नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. सामन नावाचा मासा, बर्फाळ देशातला. त्याची अंडी विमानानं इथे येतात. ही ती उबवते. उबवते म्हणजे कशात, तर हात बधिर होईल इतक्या गार गोड्या पाण्यात. बाहेर वाळू भाजतेय आणि आत अंडी गारठवून उबवतायत! पिल्लं जरा मोठी आणि चंदेरी झाली की पलीकडच्या हॉलमध्ये, खाऱ्या पाण्यात सोडायची. तिथे आधीचे मोठे मासे असतात. तर या वेळच्या पिल्लांना लपलेला आजार आहे, असं केतकीला वाटत होतं.

"लपलेला म्हणजे?"

"म्हणजे जंतू अंगात गप्प बसून राहतात, मावशी. मासा खातो, पोहतो, चकाकतो. खाऱ्या पाण्यात सोडलं की त्या धक्क्यानं जंतू उसळतात. आणि तोवर तो मोठ्या माशांत जाऊन मिसळलेला असतो. अख्खा हॉल जाईल."

"मग सांग तुझ्या साहेबाला."

"काय सांगू? पुरावा कुठाय? मेलेल्या एक-दोन पिल्लांच्या परांच्या मुळाशी रक्त साकळलेलं दिसलं, एवढंच. एक तपासणी परदेशी पाठवलीय, तो डबा कुठल्यातरी कस्टममध्ये पडून आहे."

"आणि नसलाच आजार तर?"

निखिल स्वयंपाकघरातून ओरडला, "तर मॅडमची नोकरी खलास!" म्हणाला गमतीनं. हसलं कुणीच नाही. गुरुवारी पिल्लं सोडायची ठरली होती आणि केतकीनं 'हो' म्हटल्याशिवाय ती सोडता येत नव्हती. ती 'हो' म्हणत नव्हती.

देरा

दुसऱ्या दिवशी निखिलला सुट्टी होती. म्हणाला, "मावशी, गोल्ड सूकला जाऊ?" गेलो. सोन्याचा बाजार तो, खिडक्यांत बायकांच्या अंगावर मावणार नाहीत असे चिलखताएवढे हार. बघून मला दम लागला. म्हटलं, मला मासळी बाजार दाखव.

काय सांगू तुम्हाला! थंडगार हवा, चकाचक फरशी, एक माशी नाही. कोळणी नाहीत, सगळे पुरुष. भाव करायला सुरुवात केली तर समोरचा हसतच नाही, त्यामुळे भांडणाला मजाच येईना. मी आपले कल्ले उघडून, डोळे बघून, बोटानं दाबून सुरमई घेतली. शेजारच्या फळीवर भोपळ्याच्या रंगाचं काहीतरी.

"हे काय?"

"सामन है, अम्मा."

"सामन म्हणजे रावसच ना?" मुंबईच्या हॉटेलात रावसाला इंग्रजीत सामनच म्हणतात, मी वाचलंय.

इरानं कपाळाला हात लावला. "आजी, इट्स अ टोटली डिफरंट फिश!"

निखिलनं एका तुकड्याचा भाव रुपयात मोठ्यानं सांगितला आणि वर म्हणाला, "राहू दे ना मावशी." मग तर मी घेतलाच. घरी येऊन नारळ, तिरफळं घालून रावसासारखी आमटी केली. ते सामन तेल सोडत बसलं! आमटीवर बोटभर तवंग, तिरफळं त्यात बुडून मेलेली. केतकीनं एक घास घेतला आणि मी आल्यापासून पहिल्यांदा खदखदून हसली. "मावशी, तू सामनाला तिरफळं घातलीस?" तेवढ्यासाठी आमटी वाया गेली तरी चालेल, असं मला वाटलं.

फार्मच्या दारात

त्याच्या दुसऱ्या दिवशी केतकी मला फार्म दाखवायला घेऊन गेली. तासभर वाळू, मग एक पांढरी, खिडक्या नसलेली इमारत. दारात विचारपूस. परदेशातून कधी आलात? दुसऱ्या कुठल्या मत्स्यफार्मवर गेलात? मासळी बाजारात गेला होतात का?

मी अभिमानानं म्हटलं, "हो! कालच! देराला!"

दारावरचा माणूस दोन पावलं मागे सरकला. "अम्माजी, अंदर मना है."

बाजारातला विटाळ म्हणे पिल्लांना लागतो! मी माझ्या सासूबाईंचं सोवळं सोसलंय. ओल्या लुगड्यानं पाणी भरलंय. पण हे सोवळं त्याच्या वरताण. आत जाणाऱ्यानं आंघोळ करायची, कपडे बदलायचे, बांगड्या-अंगठ्या काढायच्या, औषधाच्या पाण्यात बूट बुडवायचे. आणि मी? मी तर दारातच बाद. एवढ्या लांब येऊन! माझा संताप संताप झाला. केतकी बिचारी म्हणाली, "माझंच चुकलं, तुला सांगायला हवं होतं." शेवटी मला पाहुण्यांच्या खोलीत बसवलं. तिथून एका काचेपलीकडे आतलं दिसायचं.

निळसर अंधार, गोल गोल टाक्या, पंपांची घरघर. टाकीत पाणी गोल फिरतंय आणि सगळी पिल्लं प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून जागच्या जागी. किती देखणी! मी खोटं सांगत नाही, माझ्या एवढ्या वर्षांच्या नजरेला त्यात एक आजारी दिसला नाही. बाजारात असती तर डोळे मिटून टोपली उचलली असती.

केतकी काचेपलीकडे, मी अलीकडे, आणि आम्ही बोलतोय फोनवर. तिनं एक पिल्लू गुंगीच्या औषधात निजवलं, ते मेल्यावर पोट उघडलं.

"मावशी, साफ करताना कण्याला चिकटलेली काळी रक्ताची पट्टी तू नखानं खरवडून काढतेस ना?"

"ती घाण होय."

"घाण नव्हे, ते त्याचं मूत्रपिंड. जंतू लपायचे तर तिथेच लपतात." तारेचं टोक तिथे टेकवून तिनं एका चपट्या थाळीवर रेघा ओढल्या. थाळीत खरवसासारखं काहीतरी थिजवलेलं. जंतू असतील तर त्यावर ठिपके उगवतात, म्हणाली.

कोपऱ्यात एक टाकी निराळी ठेवली होती. त्यातल्या पिल्लांना इंजेक्शन दिलेलं, आणि पाणी इतरांपेक्षा जरा कमी गार.

"यांना का?"

"मुद्दाम थोडा त्रास द्यायचा. अंगातली ताकद जरा उतरली की लपलेलं वर येतं."

"म्हणजे लग्नघरच की! एरवी सगळे गोड. झोप कमी झाली, जेवण लांबलं, की कुणाच्या पोटात काय आहे ते मांडवात बाहेर."

ती एवढी हसली की हातातली थाळी खाली ठेवावी लागली. तेवढ्यात तिचे मॅनेजर आले, रामी. लेबनॉनचे, उंच, हसतमुख. माझ्यासाठी खजूर आणि छोट्या पेल्यात कडू कॉफी घेऊन आले. माणूस वाईट नव्हता हो, उगाच कशाला बोलू. "आंटी, वेलकम! प्लीज, टेल हर. फिश इज ईटिंग. फिश इज हॅपी. ओन्ली डॉक्टर इज नॉट हॅपी!" आणि काचेकडे बघून, फोनवर, "डॉक्टर, थर्सडे? यल्ला?" यल्ला म्हणजे चला, आटपा.

केतकी म्हणाली, "इन्शाल्ला."

तिकडे इन्शाल्ला म्हणजे हो की नाही, ते म्हणणाऱ्याच्या भुवईवरून ओळखायचं. केतकीची भुवई हललीसुद्धा नाही.

रास अल खोर

त्या थाळ्या ठेवायची फार्मची स्वतःची पेटी बिघडलेली. पार्ट येणार होता, तोही इन्शाल्ला. फार्मवर एरवी सगळा गारठाच, म्हणून थाळ्या दुबईतल्या रास अल खोरच्या एका लॅबमध्ये पाठवायच्या होत्या. ड्रायव्हर तसाही मला अजमानला सोडणार होता, वाटेत द्यायच्या. झालं, डबा माझ्या मांडीवर. गोदामं, गॅरेजं, ट्रकच्या रांगा, आणि मी देवाचा नैवेद्य न्यावा तशी दोन्ही हातांनी डबा धरून.

लॅबमध्ये डबा घ्यायला आले ते सावंत. मी मराठीत "जपून हो" म्हटलं आणि माणसाचा चेहरा उजळला.

"मावशी, कुठल्या तुम्ही?"

"देवगड."

"मी मालवणचा! अहो, म्हणजे शेजारीच!"

मग चहा आला. मी पिशवीतले दोन लाडू काढून दिले. कोल्हापुरात कितीतरी वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते, आता इथे. बायको-मुलं गावी. डबा घेताना म्हणाले, "काळजी करू नका मावशी. माझ्या लेकरांसारखी उबेत ठेवतो."

घरी येईपर्यंत मी ड्रायव्हरला हिंदीत सांगत होते, आपला माणूस तो आपला माणूस. तो पेशावरचा. तो म्हणाला, "बिलकुल, अम्मा."

परत अजमान

दोन दिवसांनी निकाल आला. थाळ्यांवर काही उगवलं नाही. त्रास दिलेल्या पिल्लांच्यासुद्धा कोऱ्या. रामीनं केतकीला मेसेजमध्ये नाचणारी चित्रं पाठवली. मबरूक, म्हणजे अभिनंदन! क्लीन! यल्ला!

ती संध्याकाळी आली आणि चप्पल न काढता टेबलापाशी बसली. निखिल म्हणाला, "अगं, मग चांगलंच झालं ना?"

"हो. उद्या हो म्हणते."

"मग असा चेहरा का?"

"कारण मला अजूनही वाटतंय की आहे."

निखिल वैतागला. "वाटतंय, वाटतंय! केतकी, टेस्ट तू केलीस, रिझल्ट आला, आता तरी माशांना घरातून बाहेर काढ. मावशी इतक्या लांबून आल्यात, एकदा समुद्रावर तरी नेलंस त्यांना?"

"मम्मा, कॅन वी प्लीज नॉट टॉक अबाउट फिश?" इरा.

आता मीही खरं तर चिडले होते. पण पोरीचा उतरलेला चेहरा बघवेना, म्हणून आपलं तोंड सुरू ठेवलं. "हे बघ, लॅबवाल्यांनी निष्काळजीपणा केला असेल म्हणावं तर तेही नाही. इतका मायेचा माणूस. मला म्हणाला, लेकरांसारखी उबेत ठेवतो..."

"काय म्हणाला?"

"लेकरांसारखी."

"त्याच्यापुढे."

"उबेत ठेवतो."

केतकी उठून उभी राहिली. फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"सावंत, माझ्या थाळ्या कुठे ठेवल्या होत्या?"

"उबवणीच्या पेटीत, मॅडम. सदतीस डिग्री, एकदम करेक्ट!"

"मी रूम टेंपरेचर सांगितलं होतं."

"हो, सांगितलं होतं की. पण आमच्या रूमला एसी, मॅडम, बावीसवर. त्यात काय उगवणार? म्हटलं, मावशींनी बिचाऱ्यांनी मांडीवरून आणल्यात, वाया नको जायला. म्हणून माझ्या मनानं उबेत ठेवल्या."

"सावंत," केतकी हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही माणसाचे जंतू वाढवत आलात. माणूस आतून सदतीस असतो. हा गार पाण्यातला मासा आहे. त्याचे जंतू गारव्यातच वाढतात. तुमच्या पेटीत त्यांना ताप भरला."

पलीकडून आवाज आला, "अरे देवा!"

बघा आता! दुर्लक्षानं नाही, चोरी-लबाडीनं नाही, मायेनं घोटाळा झाला. असा घोटाळा आपलाच माणूस करू शकतो. गोरा साहेब असता तर सांगितलं तिथे ठेवून घरी गेला असता. आणि मी? मी त्याला वर लाडू दिले होते!

केतकीनं लगेच रामीला फोन लावला. "नॉट थर्सडे." त्याचं ओरडणं मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. पलीकडच्या हॉलमध्ये टाक्या भरून तयार, माणसं बोलावलेली. ती ऐकत राहिली, आणि त्याला दम लागला तेव्हा म्हणाली, "मला पुढच्या आठवड्यापर्यंत वेळ दे. तेव्हाही थाळ्या कोऱ्या निघाल्या तर मीच राजीनामा देते." निखिलनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि तिच्यापुढे ताट वाढून ठेवलं.

चहाचा डाग

नव्या थाळ्या गेल्या. या वेळी सावंतांनी त्या स्वतःच्या टेबलावर, एसीत ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून मला फोटो यायला लागले. तुम्ही सगळ्या मला सकाळी फुलं-देव पाठवता ना? सावंत थाळ्या पाठवायचे. "मावशी, गुड मॉर्निंग. अजून काही नाही." "मावशी, शुभ रात्री. अजून काही नाही." मी चष्मा लावून बघायची. कोऱ्या थाळ्या. माझा रक्तदाब! मी काय मागू देवाकडे, सांगा. ठिपके उगवू देत म्हटलं तर पिल्लं आजारी. नको उगवू देत म्हटलं तर पोरीची नोकरी. असला नवस मी जन्मात केला नव्हता, म्हणून केलाच नाही. नुसती वैतागून भांडी घासत राहिले. तिथे भांडी घासायचं यंत्र आहे, तरीही.

आणि मग एक दिवस फोटोखाली नुसतं "मावशी" एवढंच लिहून आलं. थाळीवर साबुदाण्याहून बारीक ठिपके, आणि त्यांच्याभोवती तपकिरी डाग पसरलेला, पांढऱ्या टेबलक्लॉथवर चहा सांडल्यासारखा. मी केतकीला दाखवायला धावले. तिला आधीच आला होता. ती बाल्कनीत उभी होती.

"हाच तो, मावशी. हा डाग याच आजाराचा."

"म्हणजे तू बरोबर होतीस!" मी टाळीच वाजवली हो. "आता दे औषध सगळ्यांना, आणि निजून काढ दोन दिवस."

ती वळली. "औषध दिलं तर दिसायचं थांबतं, लपायचं थांबत नाही. शिवाय ते पाणी स्वच्छ ठेवणारे चांगले जंतूही त्यानं मरतात. ती अख्खी खोली रिकामी करावी लागेल."

"रिकामी म्हणजे?"

"म्हणजे सगळी पिल्लं कायमची निजवायची." माझे टाळी वाजवलेले हात कुठे ठेवावेत ते समजेना.

रामी स्वतः लॅबमध्ये जाऊन थाळी बघून आला, असं तिनं सांगितलं. "खलास" म्हणाला, हळू. ओरडला नाही. मोठ्या हॉलमधले मासे वाचले, हे त्यालाही कळत होतं. पिल्लांना निजवायचं काम दुसरं कुणीतरी करील म्हणाला, पण केतकीनं ऐकलं नाही. अंड्यांपासून मीच वाढवली, मीच करते.

त्या दिवशी मी मुद्दाम सुरमई केली नाही. कुळथाची पिठी आणि भात. ती आली, आंघोळ करून जेवायला बसली, आणि दोन घास खाऊन म्हणाली, "मावशी, सगळी नव्हती गं आजारी. बरीचशी चांगलीच असतील. पण कुठली ते वरून बघून कळत नाही ना. म्हणून सगळी." मग रडायला लागली. इरा मोबाइल टाकून उठली, तिच्या खुर्चीत अर्धी घुसून बसली, आणि चक्क मराठीत म्हणाली, "आई, रडू नको ना."

मला तर सगळ्यांचाच राग आला होता. सावंतांचा, रामीचा, त्या न दिसणाऱ्या जंतूंचा, आणि ज्या कामात बरोबर ठरल्यावर माणसाला रडावं लागतं त्या कामाचा. मी तिच्या पानात आणखी भात वाढला. एवढंच येतं मला.

माझ्या परतीच्या दिवशीसुद्धा सोडायला निखिल आला. केतकी फार्मवर खोली धुऊन घेत होती. भिंती, नळ्या, टाक्या, सगळं. आता ती खोली काही आठवडे कोरडी, रिकामी ठेवायची आहे, आणि मग नवी अंडी येणार. अंडी आली की झालं, मग ही पुन्हा कुणाला सापडायची नाही.

म्हणून केतकी, यातली कुणीतरी हे सगळं लिहून तुला पाठवेलच, ते वाचशील तेव्हा लगेच सुट्टी माग. रामीला सांग, मावशीनं बोलावलंय, यल्ला. आमच्याकडे टाकी नाही, काच नाही, आंघोळ केलीस-नाही केलीस कुणी विचारणार नाही. इराला घेऊन ये. नवी अंडी यायच्या आत ये, बाई.